पैकीच्या पैकी

बोलावण्याच्या चिठ्ठीत “खोली इ” वाचून भाऊजी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढले, दाराला कुलूप पाहिलं आणि तणतणत खाली आले.

वहिनी जिन्याशी शांत उभ्या होत्या. “फळ्यावर वाचा की. खोली ड.”

“मी पस्तीस वर्षं टपाल वाटलंय, वहिनी! चिठ्ठीत इ आहे म्हणजे इ आहे.”

फळ्यावर मात्र टपोऱ्या अक्षरात ‘खोली ड’ असंच होतं. वहिनींनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. गावाला त्या खाजगी तपासनीस म्हणून ठाऊक होत्या. भाऊजींना मात्र त्या थोरल्या भावाची बायको, आणि कधीच हार न मानणारी बाई.

खोली ड मध्ये स्पर्धा परीक्षांच्या वर्गाचे सर येरझारा घालत होते. ते स्वतः तर्कशास्त्र शिकवत.

“निवड चाचणीत एका मुलीला पन्नासपैकी पन्नास,” ते म्हणाले. “आणि तपासायला बसलो तर उत्तरांचं पाकीट उकलून पुन्हा चिकटवलेलं! उत्तरं चोरणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. हिला पूर्ण मिळाले. निष्कर्ष उघड आहे.”

“उत्तरं छापून घेतली होती?”

“छे, छपाईत फुटतात. मी हातानं लिहिली. अ, ब, क, ड, इ, पाच पर्याय. पहिल्या येणाऱ्याला वर्षभर इथं राहून फुकट शिकता येतं. पाचला यादी लावायची आहे. तिचं नाव खोडायला तुमच्या सहीचा कागद हवा.”

“आधी पाकिटाच्या कपाटाजवळ फिरकणाऱ्यांना भेटते.” सरांनी तिघांचीच नावं सांगितली.

पहिली आली ती मुलगीच. सकाळी अभ्यासिका उघडायची, फळे पुसायचे, सरांच्या सूचना फळ्यावर उतरवायच्या, ही तिची कामं.

“सरांचं अक्षर लागतं तुला?”

“पहिल्या आठवड्यात चुकायचे. आता नाही चुकत.”

“चाचणीचं कच्चं काम कुठंय?”

“उत्तरपत्रिकेला टाचलंय. चार पानं.” मग ती म्हणाली, “आई कपडे शिवते. चोर ठरून घरी गेले तर ती एक शब्द बोलणार नाही. तेच नको वाटतं.”

भाऊजींनी उगाचच चष्मा पुसला.

मग लेखनिक आले, टॉवेलनं डोकं पुसत. “कपाटाची किल्ली खिळ्यावर असते, कुणीही घ्यावी! पण मी वीस वर्षं सरांचं लिखाण टाइप करतोय. झोपेतही वाचीन. चोरायचंच असतं तर आत्तापर्यंत थांबलो असतो का?”

शेवटी सरांचा भाचा. महिन्यापूर्वीच शिकायला आलेला.

“काकू, मी सातवा आलोय,” तो हसला. “चोरी करून कुणी सातवा येतं का?”

“मामांच्या वह्या वाचतोस?”

“वह्या कोण वाचतं हो! मामा पडद्यावर छापील पानं दाखवतात, तेवढं बस.”

वहिनींनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवला. अर्धा तास त्या पानं उलटत राहिल्या. भाऊजी दोनदा पेंगले.

साडेचारला त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

“सर, पावसात भिजलेल्या प्रत्येकाचे केस ओले असतात. बरोबर?”

“बरोबर.”

“लेखनिकांचे केस ओले आहेत. म्हणजे ते पावसात भिजलेत?”

“नळाखाली डोकं धरलं होतं!” लेखनिक म्हणाले. “केवढं उकडतंय!”

सरांचा चेहरा उतरला. “विधान उलटं फिरवलं मी. हीच चूक करू नका, म्हणून दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो.”

“शिवाय तुमचं मूळ विधानही खरं नाही. चोरलेली उत्तरं नीट वाचताही यायला हवीत.” वहिनींनी सरांनी पाठवलेली चिठ्ठी काढली. “तुमचा ड नवख्या माणसाला इ वाटतो. भाऊजींचे पाय विचारा.”

“तीन मजले!” भाऊजी कळवळले.

“आता सातव्या क्रमांकाची उत्तरपत्रिका. एकेचाळीस बरोबर, नऊ चूक. त्या नऊही प्रश्नांचं उत्तर ड, आणि नऊही ठिकाणी खूण इ वर. कच्च्या कामाचा कागद कोरा. पूर्ण गुण मिळालेल्या पेपरला मात्र चार पानं वर्तुळं आणि खाडाखोड. एक-एक प्रश्न झगडून सोडवलाय.” त्या मुलीकडे वळल्या. “पुढचा निष्कर्ष तू काढ.”

मुलगी उठली. आधी आवाज कापत होता, मग कापेनासा झाला. “ज्यानं पाकीट उघडलं, त्याला सरांचं अक्षर लागत नव्हतं. लेखनिककाकांना लागतं. मलाही लागतं. म्हणून आम्ही दोघं नाही. राहिला तो...”

“असला ड कोण काढतं, मामा!” भाचा उसळून म्हणाला, “त्या कागदावर सरळ इ दिसत होता!”

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो मटकन बाकावर बसला.

“कोणता कागद रे?” वहिनींनी मऊपणे विचारलं.

“पाकिटातला,” तो पुटपुटला. सरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. मग मुलीसमोर आले आणि सरळ हात जोडले. “पोरी, चुकलो. तर्क शिकवणाराच चुकला.”

“सर, असं नका करू,” ती गडबडली.

“करू दे गं त्यांना,” भाऊजी म्हणाले. “बरं दिसतंय.”

पाच वाजता यादी लागली. सगळ्यात वर तिचं नाव. व्हरांड्यात कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळा मजला दणाणला. लेखनिकांनी तर टॉवेल हवेत फिरवला.

त्या गदारोळात तिनं एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाला फोन लावला.

“आई, पहिली!” ती ओरडली. “हो, पहिली आले!” आणि पुन्हा, “अगं, पहिली!”

“आवाज पोचत नाही वाटतं,” भाऊजी म्हणाले.

वहिनी हसल्या. “पहिल्याच वेळी पोचला, भाऊजी. आईला पुन्हा पुन्हा ऐकायचंय.”