नळाच्या पलीकडची हाक

सुरुवातीलाच सांगते. हे खरं आहे.

माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, माझ्या सुनेच्या बाबतीत घडलंय, आणि तेव्हा मी चांगली शुद्धीवर होते. 'म्हातारीला भास झाला' असं ज्याला म्हणायचंय त्यानं खुशाल म्हणावं. मी उभा जन्म गाद्यांचं दुकान चालवलंय. नुसता हात दाबून आत कापूस किती आणि चिंध्या किती ते सांगते. मला भास होत नाहीत.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. शनिवार होता. दिवस मावळायला आलेला. जागा म्हणजे डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान. चहूकडे जंगल, आणि त्यात तंबू ठोकून राहायची सोय.

आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा, सून आणि लहानगी नात. नातीला तंबूत झोपायचं होतं. आमच्या घरात हुकूम माझा चालतो, आणि माझ्यावर तिचा.

फाटकावर एक वनरक्षक होता. मफलर गुंडाळलेला, सुकलेल्या तोंडाचा. म्हणाला, "वरच्या मैदानात जागा आहे. तिथंच ठोका तंबू."

वर जाऊन बघितलं. जत्रा नुसती! तंबूला तंबू खेटलेला. कॉलेजची पोरं गाणी लावून नाचत होती. संडासापुढं ही रांग. लहान मुलं डोंगराकडे तोंड करून ओरडत होती आणि डोंगर त्यांना त्यांचंच ओरडणं परत देत होता. मी खाली वाकून जमिनीवर तळवा दाबला. खडे! पाठ सोलून निघाली असती.

"दुसरी जागा नाही का?" मी रक्षकाला विचारलं.

तो मफलरशी चाळा करत राहिला.

"एक आहे. खाली, झाडांत. पण तिथं कुणी थांबत नाही, मावशी."

"का? वाघ आहे?"

"वाघ असता तर लोक फोटो काढायला थांबले असते." मग म्हणाला, "तिथं राहिलेली माणसं सकाळी वर येतात ती गप्प असतात. काय झालं विचारलं तर सांगत नाहीत. एकमेकांशीसुद्धा बोलत नाहीत."

"मग आमच्यासाठी तीच जागा बरी. एक दिवस तरी घरात शांतता मिळेल."

तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "पाण्याचा नळ आहे. नळाच्या पुढं जाऊ नका. पुढं दरी आहे."

खालची जागा बघितली आणि मी मनात म्हटलं, हीच. तळव्याला मऊ लागत होती. पाचोळ्याचा थर, खाली भुसभुशीत माती, कुठं उंचवटा नाही. मी आजही सांगते, जमीन म्हणून ती जागा उत्तम होती.

सून म्हणाली, "आई, वरच राहू या ना. लोक आहेत, दिवे आहेत."

"लोकच बघायचे होते तर दुकानाच्या पायरीवर बसायचं होतं. पेट्रोल वाचलं असतं."

"पाठ काय तुमची एकटीचीच आहे," ती पुटपुटली.

मला ऐकू गेलं. मला सगळं ऐकू जातं. तिथून मी तिच्याशी अबोला धरला. मुलगा आमच्या दोघींच्या मध्ये खुंट्या ठोकत राहिला. लग्न झाल्यापासून तो हेच करतोय बिचारा.

खुंट्या ठोकताना मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं...

हातोड्याचा आवाज परत येत नव्हता.

वर डोंगर कुणाच्या शिंकेलाही उत्तर देत होता. इथं मात्र ठक् व्हायचं आणि संपायचं. कुणीतरी आवाज खाली पडायच्या आत झेलावा, तसं.

मग लक्षात आलं, वरची गाणीही ऐकू येत नाहीत.

पाखरू नाही. रातकिडा नाही. पाचोळ्यावरून आपण चालतोय, तोही आवाज आपल्या पायांशीच विरतोय.

नात उतारावरून घसरत घसरत येत होती. मी तिला हाक मारली, "ये गं माझी बाय... हळू ये... मी आहे ना." तिच्याशी मी अशीच बोलते. दुसऱ्या कुणाशी नाही. अबोला धरल्यापासून मी फक्त तिच्याशीच बोलत होते. हे नीट लक्षात ठेवा.

तंबू उभा राहिला. मुलगा अंथरुणं आणायला वर गाडीकडे गेला. सुनेनं थंडी वाजते म्हणून पिवळा रेनकोट चढवला, कॅन उचलला आणि पाण्याला गेली. मला विचारलं नाही, मीही काही बोलले नाही.

आणि धुकं उतरलं.

दरीतून वर चढत आलं. आधी झाडांचे बुंधे गेले, मग पायवाट. नळ दिसेनासा झाला. पण पाण्याचा आवाज येत होता. रिकाम्या कॅनमध्ये पडणारं पाणी... मग अर्ध्या कॅनमध्ये पडणारं... मग काठोकाठ...

मग कॅन भरून वाहायला लागला.

नळ बंद होईना.

मी वाट बघितली. हाक मारणार होते, पण अबोला माझा होता. आधी मी कशाला बोलू?

पाणी वाहतच राहिलं.

आणि तेवढ्यात, नळाच्या पलीकडून, दरीच्या बाजूनं हाक आली...

"ये गं माझी बाय... हळू ये... मी आहे ना..."

माझा आवाज.

माझा! शब्द माझे, घशातली खरखर माझी, 'बाय' म्हणताना मी जो हेल काढते तोही माझा. आणि माझं तोंड बंद होतं.

नातीनं माझ्याकडे बघितलं. मग धुक्याकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "तू तिकडे पण आहेस?"

मी तिला काखेत उचललं आणि निघाले. माझे गुडघे कसे आहेत ते माझं मला माहीत. पण निघाले.

नळाशी कॅन आडवा पडला होता. पाणी पायवाटेवरून वाहत होतं. सून तिथं नव्हती. पुढं, धुक्यात, तिचा पिवळा रेनकोट दिसला. ती चालत होती. नळाच्या पुढं.

"आले हं, आई," ती म्हणाली.

तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. एवढी सुखावलेली! मी कधी तिला 'बाय' म्हटलं नव्हतं. आज कुणीतरी म्हणत होतं, आणि ती लहान पोरीसारखी त्या हाकेमागं निघाली होती.

मी ओरडले, "अगं, मागं फीर! पुढं दरी आहे! ये... इकडे ये, माझी बाय!"

भीतीनं तोंडातून तेच निघालं बघा. तोच शब्द.

ती थांबली. तिनं मागं वळून बघितलं. धुक्यात मी तिला दिसत नसणार.

"...इकडे ये, माझी बाय," दरीच्या बाजूनं लगेच आलं.

ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. दोन्हीकडून सासू. दोन्ही सासवा गोड. मी पुन्हा हाक मारली, त्यानंही मारली. तिनं एक पाऊल उचललं...

पुढं.

तिच्या पायाखालचा एक धोंडा निसटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

आणि मग माझं डोकं चाललं. गोडीगुलाबीची तिला सवय कुठं होती! तिला जी सासू माहीत होती ती काही अशी हाक मारणारी नव्हती. मी नातीला खाली ठेवलं, तिचा हात घट्ट धरला, आणि छाती भरून श्वास घेतला.

"ए म्हशी! नळ उघडा टाकून कुठं निघालीस? पाणी काय तुझ्या बापानं सोडलंय? एक कॅन पाणी आणायला गेलीस ती गावभर हिंडतेयस! परवाच्या गादीला टाके घातलेस की उंदरानं कुरतडलंय ते? गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर आणून टाकली ती गादी! तुझ्या आईनं सुई धरायला शिकवली नाही, निदान वाट बघून चालायला तरी शिकवायचं होतं! फीर मागं, नाहीतर झिंज्या धरून आणीन!"

पिवळा रेनकोट गर्रकन वळला.

"आई?" ती म्हणाली. तो आवाज मात्र माझ्या ओळखीचा होता. चिडलेला, रडवेला. "ते टाके मी घातलेच नव्हते! तुम्हीच घातले होते!"

"आधी इकडे ये, मग भांड!"

ती पळत आली. माझ्या अंगावरच पडली. अंग बर्फासारखं गार. मी तिचं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशी वळ उठले होते. नात तिच्या रेनकोटला लोंबकळत होती.

सगळीकडे शांत झालं.

पाणी वाहत होतं तेवढंच.

आम्ही वळलो. चार पावलं गेलो असू...

"ए..."

मागून. अगदी हळू. नवीन पदार्थ जिभेवर घोळवून चव घ्यावी तसं.

"ए... म्हशी..."

सुनेची बोटं माझ्या हातात रुतली.

"नळ... उघडा टाकून... कुठं... कुठं निघालीस..."

ते शिकत होतं.

मी एका हातानं सुनेचं तोंड दाबलं, दुसऱ्या हातानं नातीचं. आम्ही त्या चढावर एक शब्द न बोलता चढलो. वाटेत मुलगा अंथरुणं घेऊन खाली येत होता. "काय गं आई..." एवढं म्हणेपर्यंत मी त्याच्याही तोंडावर हात ठेवला. माझा चेहरा बघून तो मागं फिरला. तंबू तिथंच राहिला. ती रात्र आम्ही फाटकाजवळ गाडीत काढली. काचा बंद करून. कुणी कुणाशी बोललं नाही.

सकाळी वनरक्षकानं काचेवर टकटक केलं. त्यानं आमचे चेहरे बघितले. खाली जाऊन तंबू गुंडाळून आणला, डिकीत ठेवला, फाटक उघडलं. मग माझ्या खिडकीशी वाकला.

"मावशी, तुमच्यातलं कुणी मागं राहिलंय का खाली?"

मी नकाराची मान हलवली.

"मग खाली कोण भांडतंय?"

मुलानं गाडी सुरू केली.

यावर कुणी म्हणेल, संपली गोष्ट. सुटलात. मीही तसंच समजले होते. महिनाभर सगळं नीट होतं. उलट सुनेशी माझं बरं चाललं होतं. ती मला चहा आणून द्यायची, मी तिचे टाके उसवायचे नाही. पण बोलताना जीभ जरा आवरूनच धरायचे. का, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

आमच्या दुकानाला वर माळा आहे. कापसाची पोती तिथं असतात. माळ्याला मागच्या बाजूला एक दार आहे, तिथून तयार गाद्या दोरानं खाली सोडायचो. त्या दाराबाहेर जिना नाही, कठडा नाही. नुसती हवा.

एका दुपारी मी खाली बसून टाके घालत होते. दातांत दोरा धरला होता. वर सुनेची पावलं वाजली. ती पटपट चालत होती. मग कडी सरकल्याचा आवाज आला... आणि तिचा आवाज...

"आले, आले! ओरडू नका ना एवढं!"

माझ्या दातांत दोरा होता.

मी जिन्यावरून कशी गेले मला आठवत नाही. तिनं दार अर्धं उघडलं होतं. तिचा एक हात दारावर होता आणि एक पाय उंबऱ्यावर. मी मागून तिची कंबर धरली आणि दोघी पोत्यांवर पडलो.

"तुम्ही... तुम्ही तर बाहेरून बोलावत होता," ती म्हणाली.

"काय म्हणत होते मी?"

ती हळूच म्हणाली, "शिव्या देत होता. नेहमीसारख्या."

त्याच संध्याकाळी मुलानं ते दार खिळे ठोकून बंद केलं. गाद्या आता पुढच्या जिन्यावरून उतरवतो. कष्ट पडतात, पडू देत.

त्या दिवसापासून मी सुनेला हाक मारत नाही. गोड नाही, कडू नाही. काही सांगायचं असेल तर उठते, जिना चढते, तिच्यासमोर जाऊन उभी राहते. ती आधी हात पुढं करते. माझा हात चाचपते. हातावर दाभणाचे घट्टे आहेत, ते बोटांनी बघते. मग म्हणते, "बोला, आई."

परवाही अशीच गेले. दुकान बंद करून आतून कडी घातली होती. तिनं माझा हात धरला, घट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "बोला."

मी बोलायला तोंड उघडलं...

आणि खाली, बंद दुकानातून, मी तिला हाक मारली.

तिनं माझा हात सोडला नाही. मीही तिचा सोडला नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, पोत्यांच्या मध्ये, श्वास रोखून.

खाली मी जिना चढायला लागले होते.

दोन पायऱ्या. मग थांबले.

मग पुन्हा काहीच नाही. मुलगा आला तेव्हा दुकानाची आतली कडी होती तशीच होती. खाली कुणी नव्हतं.

फक्त जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या ओल्या होत्या.