डाव्या चाकावरची पांढरी रेघ

"टेबलाला कोणी धक्का दिला ना, तर याद राखा!" घारीने दम भरला.

खोलीत एकदम शांतता पसरली. चिमट्याने श्वास रोखून धरला होता. हातात कायम चिमटा घेऊन बसायचा, म्हणून त्याचं नावच चिमटा पडलं होतं. आत्ता त्या चिमट्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा एक आरसा होता आणि तो प्लॅस्टिकच्या छोट्याशा व्हॅनच्या दाराला चिकटवायचा होता. गोंदाचा थेंब जास्त झाला तर रंग खराब! कमी झाला तर आरसा पडणार!

"बसला!" चिमटा हळूच म्हणाला.

"हुर्रे! आता मी सांगतो, पुढे काय करायचं ते. आधी टायरांना चिखल लावायचा, मग काचा, मग—"

"रेडिओ, आवाज कमी!" दोघं एकदमच ओरडले.

रेडिओ म्हणजे घारीचा चुलतभाऊ. वय वर्षं दहा, आणि जागेपणी तोंड बंद असल्याचं कोणाला आठवत नव्हतं. घारी तेरा वर्षांची, घाऱ्या डोळ्यांची आणि अर्थातच या टोळीची म्होरकी. चिमटा शेजारच्याच घरातला, घारीहून वर्षभराने लहान. सुट्टी लागल्यापासून तिघांनी घारीच्या मामाच्या माडीवर ठाण मांडलं होतं. मामा दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर मॉडेलची खोली! कपाटात चिमुकल्या मोटारींच्या रांगा, आणि टेबलावर दात तपासायचे जुने आकडे, कानशी, बारीक ब्रश. "लोकांच्या तोंडात वापरून झालेलं नाही ना हे?" असं रेडिओने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मामा म्हणाला होता, "उकळून घेतलंय रे बाबा! तू फक्त चाटू नकोस."

पण या वेळची व्हॅन कपाटात ठेवायला नव्हती. ती होती पुस्तककाकूंसाठी.

पुस्तककाकू फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायच्या. डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत पुस्तकं न्यायच्या. चिमट्याचा पाय मोडून तो घरात पडला होता, तेव्हा काकू मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या खिडकीशी गाडी थांबवायच्या. रेडिओला वाचायला जड जायचं, वर्गात मुलं हसायची. काकूंनी त्याला गाडीच्या पायरीवर बसवून रोज एक पान मोठ्याने वाचायला लावलं, आणि एकदाही हसल्या नाहीत. आणि घारीला तर त्यांनी नकाशे वाचायला शिकवलं होतं. आता काकू निवृत्त होणार होत्या. सोमवारी त्यांची शेवटची फेरी! त्यांना काय द्यायचं यावर बरंच भांडण झाल्यावर घारीने फर्मान काढलं होतं, "त्यांची गाडीच देऊया. छोटी! पण हुबेहूब!"

फिरत्या वाचनालयाचं मॉडेल कुठल्या दुकानात मिळणार? मामाने साध्या मालवाहू व्हॅनचा संच दिला. मुलांनी तिला खिडक्या कापल्या, आत पातळ पुठ्ठ्याची फळ्यांची मांडणी केली, तिच्यात नखाएवढी पुस्तकं रचली. मागच्या दारावरचा पोचासुद्धा चिमट्याने गरम चमच्याने दाबून आणला. काकू आठवडाभर बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे खऱ्या गाडीचे फोटो काढायला रान मोकळं होतं. गाडी वाचनालयामागच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला आली होती. तिथले सुपरवायझर मोठ्या मिशांचे. "फोटो खुशाल काढा, पण गाडीला हात लावायचा नाही!" असं म्हणून ते स्वतःच प्रत्येक फोटोत मधोमध उभे राहिले होते.

आता चाकं रंगवायची होती. सर्व्हिसिंगच्या आधीचे आणि आज सकाळी काढलेले असे दोन्ही वेळचे फोटो चिमट्याने समोर मांडले.

"घारे, हे ओघळ पण रंगवू का गं?"

"कसले ओघळ?"

"हे बघ. मागच्या डाव्या चाकाच्या नटांमधून तांबडे ओघळ निघालेत. आणि नटांभोवती चकचकीत गोल दिसतोय. बाकीच्या तिन्ही चाकांना असं काहीच नाही. आणि जुन्या फोटोत या चाकालाही नव्हतं!"

घारीने भिंग घेतलं. खरंच! बाकीच्या नटांवर धूळ सारखी बसली होती. या पाचांभोवती मात्र पत्रा घासून उजळला होता.

"गंज असेल," रेडिओ म्हणाला.

"मग एकाच चाकाला का?" घारी पुटपुटली.

मामा दोन पेशंटच्या मधल्या वेळात चहाचा कप घेऊन वर आला होता. त्याने फोटो पाहिला आणि कप खाली ठेवला.

"मला दातांचं कळतं. दात हलायला लागला की त्याच्याभोवतीची हिरडी आधी सांगते. हे तसंच काहीतरी वाटतंय. नट सैल असेल, तर तो पत्र्यावर घासत राहणार. वर्कशॉपमध्ये सांगून या बरं लगेच!"

तिघं धावतच सुटले.

सुपरवायझरांनी फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "सैल? अरे, चारच दिवसांपूर्वी माझ्या हाताखाली सर्व्हिसिंग झालंय या गाडीचं! आमचा मदतनीस रोज गावात फिरवतोय ती. तुम्ही तुमच्या खेळण्यातल्या गाड्या सांभाळा, मोठ्या गाड्या आम्ही सांभाळतो. पळा!"

मामाने फोन केला, तर ते म्हणाले, "डॉक्टर, मी कधी येतो का तुमच्या पेशंटचे दात काढायला?" आणि फोन ठेवून दिला.

"आता?" रेडिओ रडवेला झाला. "सोमवारी काकू घाटातून जाणार! काकूंनाच सांगूया ना!"

"सांगणारच आहोत," घारी म्हणाली. "पण बहिणीच्या गावी फोन लागत नाही, आणि त्या थेट सोमवारी सकाळी येणार. त्यांनी विचारलं की हे काका मिशीला पीळ देऊन म्हणणार, 'माझ्या हाताखाली काम झालंय!' आणि काकू विश्वास ठेवतील. त्या सगळ्यांवरच विश्वास ठेवतात. आपल्याला पुरावा पाहिजे!"

चिमट्याने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाला, "नट फिरतोय की नाही, ते नटालाच विचारूया."

"म्हणजे?"

"नटावरून चाकाच्या पत्र्यापर्यंत एक बारीक सरळ रेघ मारायची. पांढरी. नट जागचा हलला नाही, तर रेघ अखंड राहील. हलला, तर रेघ तुटेल!"

घारीने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की चिमट्याचा चष्माच उडाला.

रविवारी सकाळी मोहीम निघाली. रेडिओवर सर्वांत अवघड कामगिरी होती. पण ती खास त्याच्यासाठीच बनलेली होती.

"काका, इंजिनात तेल का घालतात? काका, ते काळं का होतं? काका, तुमच्या मिशांनाही तेल लावता का? काका, हॉर्नच्या आत कोण ओरडतं?"

सुपरवायझर गाडीच्या पुढच्या बाजूला पुरते अडकले. मागच्या बाजूला चिमटा पालथा पडला होता. तीन केसांचा ब्रश, पांढरा रंग, रोखलेला श्वास. एक, दोन, तीन, चार, पाच! पाच नटांवर पाच रेघा, धाग्यासारख्या!

"झालं!" घारीने शीळ घातली.

दुपारी वर्कशॉपचा मदतनीस गाडी घेऊन डिझेल भरायला गेला, गावातून फेरी मारून परत आला. सोमवारी सकाळी मुलं वर्कशॉपचं फाटक उघडायच्या आधीच तिथे हजर होती. आत शिरल्या शिरल्या चिमटा चाकाशी वाकला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

तीन रेघा तुटल्या होत्या. नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे!

"काका, बघा! नट फिरलेत!" घारी धावली.

"नट नाही, तुमचा रंग फिरला असेल," सुपरवायझर हसत म्हणाले. "आणि गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं ना मी?" गाडीत पुस्तकं आदल्या संध्याकाळीच भरून झाली होती. किल्ली टेबलावर तयार होती. काकू कोणत्याही क्षणी येणार होत्या.

रेडिओ काहीतरी बोलणार, तेवढ्यात घारीने त्याचा हात दाबला. तिचे घारे डोळे चमकले होते.

"चुकलं आमचं काका," ती एकदम गोड आवाजात म्हणाली. "एवढं मोठं वर्कशॉप चालवणं काय सोपं आहे? आमच्या मॉडेलसोबत तुमचा एक फोटो ठेवायचा होता. काम करतानाचा!"

सुपरवायझरांचा हात आपोआप मिशीकडे गेला. "माझा? असं म्हणता? बरं, लवकर आटपा."

"पाना हातात घ्या ना! चाक आवळताना फार रुबाबदार दिसेल. नाही, तिकडे सावली आहे. या डाव्या बाजूला उजेड चांगला आहे!"

सुपरवायझर बसले. पाना नटावर चढवला. मान वर, छाती पुढे!

"आता अगदी खरा जोर लावा हं काका! दंड दिसले पाहिजेत!"

त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, आणि पाना गर्रकन फिरला! नटाने जरासुद्धा विरोध केला नाही. सुपरवायझर तोल जाऊन पुढे गेले, त्यांचं कपाळ गाडीच्या पत्र्यावर आपटलं. टण्ण!

कोणीही हसलं नाही. रेडिओसुद्धा नाही.

त्यांनी पाना खाली ठेवला आणि दुसरा नट नुसत्या बोटांनी धरून पाहिला. तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला आणि त्यांच्या तळहातावर आला. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं?" मागून आवाज आला. पुस्तककाकू पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

सुपरवायझर उठले. "ताई, चाक बसवताना मला फोन आला होता. नट हाताने फिरवून ठेवले आणि बोलत बोलत आत गेलो. आवळायचे राहूनच गेले. आणि ही पोरं सांगत होती, तर मी यांनाच हाकलून लावलं." मग ते मुलांकडे वळले. एवढे मोठे मिशाळ गृहस्थ, पण मान खाली घालून म्हणाले, "पोरांनो, तुमचे डोळे माझ्या डोळ्यांपेक्षा चांगले निघाले. आज तुम्ही मला फार मोठ्या पापातून वाचवलंत."

मग त्यांनी स्वतः चारही चाकं उतरवली, झिजलेले नट बदलले, एकेक नट आवळून दोनदा तपासला. शेवटी चिमट्यासमोर हात पुढे केला. "तुझा तो पांढरा रंग देतोस जरा? आजपासून इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नटावर रेघ मारणार मी!"

गाडी निघायला दोन तास उशीर झाला, पण या वेळी काकूंबरोबर आणखी तीन प्रवासी होते. घरच्यांची परवानगी मामाने काढली होती. मॉडेलचं खोकं घारीने मांडीवर धरलं होतं. आत काय आहे हे काकूंना सांगायचं नाही, म्हणून रेडिओने स्वतःच्या तोंडावर हात दाबून ठेवला होता.

घाट चढून गेल्यावर एका वळणावर काकूंनी गाडी थांबवली. डावीकडे रस्त्याची कड होती आणि कडेच्या पलीकडे नुसता वारा. खूप खाली नदी दोऱ्यासारखी दिसत होती.

काकू खाली उतरल्या आणि बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मुलं त्यांच्याजवळ गेली.

"सगळा भार इथे मागच्या डाव्या चाकावर येतो," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी तिघांनाही एकदम जवळ ओढलं. "कसे उपकार फेडू रे तुमचे?"

"काकू, असं काय बोलता?" चिमटा म्हणाला. "पाय मोडला होता तेव्हा मी दिवसभर तुमच्या गाडीच्या आवाजाची वाट बघायचो."

"आणि मी आता अख्खं पुस्तक वाचतो," रेडिओ म्हणाला. "न अडखळता!"

घारी गाडीकडे धावली. तिने गाडीतून खोकं आणलं आणि काकूंच्या हातात ठेवलं.

झाकण उघडलं, आणि काकू "अगं बाई!" म्हणून रस्त्याकडेच्या दगडावर बसल्याच. त्यांनी ती छोटी गाडी तळहातावर घेतली. खिडकीतून आत डोकावल्या. फळ्यांवरची पुस्तकं पाहिली. फाटलेल्या सीटवर आपण लावलेलं निळं ठिगळ पाहिलं. मागच्या दारावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं. "हा पोचासुद्धा!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "उद्यापासून ही गाडी माझी नाही म्हणून रात्रभर झोपले नव्हते रे मी."

वरच्या वस्तीतल्या शाळेत मुलं वाट पाहत थांबली होती. उशिराचं कारण काकूंनी सर्वांसमोर सांगितलं. तिथल्या बाईंनी तिघांना पुढे बोलावलं, आणि वस्तीतली मोठी माणसंही टाळ्या वाजवायला लागली. एक आजोबा तर काठी बगलेत धरून टाळ्या वाजवत होते. अर्धवट राहिलेल्या एका कादंबरीचा पुढचा भाग त्यांना हवा होता, आणि तो सुखरूप पोचला होता.

परतताना उतारावर काकू गाडी अगदी सावकाश चालवत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "काय गं घारे, उद्यापासून मला वेळच वेळ आहे. हे छोट्या गाड्या बनवायचं काम माझ्यासारखीला जमेल का? हात जरा जड आहेत माझे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जमेल!" घारी म्हणाली. "उद्या सकाळी या मामाच्या माडीवर. तुमची खुर्ची खिडकीजवळ ठेवते, तिथे उजेड छान येतो."