जवळचं कुणी

डार्टमथहून हॅलिफॅक्सला जाणारी फेरीबोट धुक्यात इतकी हळू चालली होती, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळेना. शेजारचा तरुण डोळे मिटून भोंगा ऐकत होता.

"थोडा उतरलाय," तो म्हणाला.

"कोण?"

"भोंगा. सुरातून... पियानो सुरात लावायचं काम करतो ना, वाईट सवय आहे."

"मग माझ्याशी बोलू नका. माझा आवाज जन्मापासून उतरलेला आहे."

त्यानं डोळे उघडले. करडे, ओलसर. "छे... तुमचा अगदी बरोबर लागलाय."

तासाभरानं तोच माझ्या कामाच्या खोलीच्या दारात उभा. रोरी बूटलियर. आमच्या अभ्यासात भाग घ्यायला आलेला. गांजा ओढणाऱ्यांपैकी कुणाला त्याचा त्रास होतोय, हे एका छोट्या प्रश्नावलीतून खरंच ओळखू येतं का, ते आम्ही तपासत होतो. प्रश्नावली आधी शेजारच्या खोलीत भरून व्हायची. तिचे गुण मला न सांगता माणूस माझ्याकडे यायचा. मी निवांत बोलून माझं मत ठरवायची. मग आम्ही दोन्ही ताडून बघायचो.

"तिकडे गंमतच झाली," रोरी म्हणाला. "जवळच्या कुणी 'कमी कर' म्हणून सांगितलंय का, असं विचारलं होतं. मी 'नाही' लिहिलं."

"कुणीच नाही सांगितलं?"

"आई गेल्यापासून... जवळचं कुणी नाहीच ना."

तो हसला, पण मला हसता आलं नाही. रोज संध्याकाळी एकट्यानं ओढायचं. सकाळी कानांत कापूस कोंबल्यासारखं वाटायचं. चांगली कामंही त्यानं परत पाठवली होती.

"माझ्या मते तुम्हाला त्रास होतोय," मी सरळ सांगितलं आणि समुपदेशकाचा पत्ता दिला. तो कागद खिशात घालून उठला.

दारात थबकून म्हणाला, "कॉफी घ्यायची?"

"अभ्यास चालू आहे तोवर नाही. नियम आहे."

"आणि संपल्यावर?"

"संपायला वसंत उजाडेल."

"शनिवारी मी टेकडीवरच्या चर्चच्या हॉलमध्ये असतो. तिथला पियानो म्हातारा आहे, सारखा रुसतो... हे मात्र लिहून घेऊ नका."

गुण ताडले, तेव्हा प्रश्नावलीनं रोरीला 'त्रास नाही' ठरवलं होतं. आणखीही काही एकटी माणसं तशीच निसटली होती. आमच्या प्रमुख विनिफ्रेडबाईंशी मी त्यावरून भांडले.

"एका माणसासाठी एवढी तळमळ, ओडेट?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. माझे कान तापले. पण त्यांनी सगळी उत्तरं पुन्हा वाचली आणि तो 'जवळच्या कुणी'चा प्रश्न बदलायला हवा, असं अहवालात लिहू दिलं.

अहवाल गेला, त्या शनिवारी मी टेकडी चढले. बर्फ वितळून रस्ता चमकत होता. रोरी पियानोत डोकं घालून बसला होता.

"संपला?" त्यानं विचारलं.

"संपला."

"मी समुपदेशकाकडे जातोय. अजून पुरतं सुटलं नाही... मध्ये एकदा घसरलोही. पण सकाळी कान उघडे असतात."

"हे मला कशाला सांगताय? आता मी विचारत नाहीये."

"म्हणूनच सांगतोय."

त्यानं एक पट्टी दाबली. सूर हॉलभर पसरला, विरत गेला...

"रोरी," मी म्हणाले, "मला तू आवडतोस."

त्यानं बाकावर सरकून माझ्यासाठी जागा केली.