बाविसावी गाठ

बुटाची लेस बांधायला शिकवणं हे पहिलीच्या वर्गातलं माझं सगळ्यात आवडतं काम होतं. बेरीज-वजाबाकी कोणीही शिकवेल. पण सहा वर्षांचं पोर जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून, नाकानं जोरजोरात श्वास घेत दोन फास धरतं, ते निसटतात, ते पुन्हा धरतं, आणि एका सकाळी एकदम गाठ बसते. त्या वेळचा त्याचा चेहरा पाहायला मी बिनपगारीही शाळेत गेलो असतो.

मी डावखुरा, त्यामुळे माझी गाठ उलटी. डावा फास वर आणि खालून एक जादा वेढा. माझ्या वर्गातली सगळी मुलं तशीच बांधायची. बाकीचे शिक्षक चेष्टा करायचे, "गुरुजींची पोरं पायांवरून ओळखू येतात." दिवसभर कितीही पळापळ केली तरी ती गाठ सुटत नसे. घरी सोडवताना मात्र आयांच्या नाकी नऊ यायचे. चुकून कोणाची सुटलीच, तर मी हात लावत नसे. एवढंच म्हणायचो, "सुटली? पुन्हा बांध."

शाळेची घंटा देणाऱ्या बाईंची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिचे बूट मामेबहिणीचे, लेस भलतीच लांब. ती मागे फरफटायची म्हणून सगळे तिला शेपटी म्हणत. मी तिला जादा वेढा दोनदा घ्यायला शिकवलं. शिकायला तिला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी ती आईला दाखवायला धावत गेली आणि त्या कौतुकात मधल्या सुट्टीची घंटा पाच मिनिटं उशिरा झाली. मुख्याध्यापक चिडले. बाई म्हणाल्या, "साहेब, पाच मिनिटं माझ्या पगारातून कापा, पण आधी ही गाठ बघा."

त्या वर्षी सहलीच्या दिवशी मला ताप भरला. माझी बावीस मुलं शेजारच्या वर्गाच्या बाईंबरोबर बोटीनं दीपगृह पाहायला निघाली.

ती तारीख आता देशातल्या प्रत्येक कॅलेंडरवर आहे. बोट बुडाली, तीनशेच्या वर माणसं गेली. अजूनही त्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सगळीकडे भोंगे होतात, गाड्या थांबतात, आणि माणसं असतील तिथे दोन मिनिटं उभी राहतात.

ओळख पटवायला मला बंदरातल्या गोदामात नेलं. मी चेहऱ्यांकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहत गेलो. एकवीस मुलं. तीन दिवस पाण्यात राहूनही एकही गाठ सुटलेली नव्हती. शेजारचा पाणबुड्या आपल्याशीच म्हणाला, "जड बूट. ते निघाले असते तर एखादं पोर तरंगलं असतं." मी कोण, हे त्याला कुठे माहीत होतं?

शेपटी मिळाली नाही. त्यानंतर मी ती गाठ कोणाला शिकवली नाही. स्वतःही बांधली नाही.

पहिल्या वर्षदिनाला आम्ही शाळेतल्या मुलांना व्यायामाच्या हॉलमध्ये उभं केलं. तिथली जमीन लाकडाची, म्हणून बूट बाहेरच्या फळ्यांवर. बाहेर फक्त घंटेच्या बाई, शेपटीची आई. दोन मिनिटं झाली की त्यांनी घंटा द्यायची आणि हॉलचं दार उघडायचं. मुलं बूट घालायला बसली आणि एक जण ओरडला, "गुरुजी, माझी लेस कोणी बांधली? सुटत नाहीये!"

मी वाकून पाहिलं. डावा फास वर. खालून जादा वेढा. मग दुसरा ओरडला, मग तिसरी. मी मोजले. एकवीस जोड. हा बाईंचा उद्योग असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण एवढ्या गाठी दोन मिनिटांत? आणि लेसा ओल्या होत्या.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी निवृत्त झालो तरी त्या दिवशी जात राहिलो. नव्या शिक्षकांना वाटतं, जुने विद्यार्थी गुपचूप येऊन बांधतात. "छान प्रथा आहे," म्हणतात.

बाई दर वर्षी विचारायच्या, "एकवीसच ना, गुरुजी?"

"एकवीसच."

"मग माझी कुठेतरी आहे."

स्मारकाच्या दगडावर शेपटीचं नाव नव्हतं. आईच्या सहीसाठी कागद यायचा, बाई तो तसाच परत पाठवायच्या. रात्री घराला आतून कडी लावत नसत.

यंदा चौतिसावं वर्ष. दगड नव्यानं घडवणार होते आणि कागदावर लिहिलं होतं की यानंतर नाव घालता येणार नाही. बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांना हॉलमध्ये खुर्ची दिली. त्यांनी घंटेचा हातोडा माझ्या हातात ठेवला.

"घंटा तुम्ही द्या. पण डोळे मिटा. मी मिटायची."

"का?"

"मुलांना सांगता ना मिटायला? मग."

मी बाहेर फळ्यांपाशी राहिलो, दार बंद झालं. भोंगा झाला. मी डोळे मिटले.

आधी हॉलच्या लाकडाला लावलेल्या मेणाचा वास होता, रोजचा. मग ओल्या लोकरीचा आला.

मग श्वास ऐकू आले. नाकानं घेतलेले, जोरजोरात. जीभ ओठांत धरून काम करणाऱ्या मुलांचे.

मी डोळे उघडले नाहीत.

घंटा दिली.

फळ्यांसमोर जाऊन मोजलं. पुन्हा मोजलं. बावीस. शेवटचा जोड कोपऱ्यात होता, आणि त्यावर वेढा दोनदा घेतलेला.

मी नखांनी ती गाठ सोडवली. दोन्ही बुटांची. मगच दार उघडलं.

बाई काठी टेकत आल्या. फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. बोटं ओली होती.

"तुम्हीही सोडवलीत?"

"तुम्हीही म्हणजे?"

"पहिल्या वर्षापासून सोडवते आहे मी. दार उघडायच्या आत." त्या फळीला धरून उभ्या राहिल्या. "एकटीला माहीत होतं तोवर ठीक होतं हो, गुरुजी. आता तुम्ही पाहिलंत."

पिशवीतून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. "चष्मा आणला नाही. नाव तुम्ही लिहा, मी सही करते. आणि खरं नाव लिहा. शेपटी नका लिहू."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. मग आम्ही दोघंही थोडं हसलो.

घरी येताना पाय जड वाटत होते. वय झालं, म्हटलं. मला वाकता येत नाही. सकाळी सूनबाई माझ्या लेसा बांधते, संध्याकाळी तीच सोडवते. ती खाली बसली आणि थांबली.

"बाबा, ही कसली गाठ? सकाळी मी साधी बांधली होती."

"कशी आहे?"

"उलटीच आहे. खालून दोन वेढे. दोन्ही पायांना." तिनं बोट फिरवलं. "आणि मोजे ओले कसे? पाऊस तर नाही."

तिनं बराच प्रयत्न केला, मग कात्री आणायला आत गेली.

मी एक पाय ओढून पाहिला. बूट निघाला नाही. अकरा दिवस लागले होते शेपटीला. गाठ बिनचूक होती.