खोलीचं शून्य

लेकीला सकाळीच मुलगा झाला होता आणि दुपार टळली तरी नवे आजोबा कारखान्यात एका काळ्या फळीशी डोकं फोडत बसले होते. फळी तपासायची, सही ठोकायची आणि तडक इस्पितळ गाठायचं, एवढंच काम उरलं होतं. त्यातलं सही ठोकायचं काम तर गेले कित्येक दिवस उरलेलंच होतं.

आजोबा पेशाने तपासनीस. काही विमानं रडारला दिसू नयेत म्हणून त्यांच्या अंगावर काळा लेप चढवतात. तो लेप दिलेल्या फळीत कुठे पोकळी राहिली का, हे ती न कापता, मायक्रोवेव्ह लहरी सोडून ते शोधत. लेप चांगला असला तर लहर पिऊन टाकतो. पोकळी असली तर लहर परत येते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. उभी हयात हे समजावूनही बायको शेजारणींना सांगायची, की ह्यांचं ते अन्न गरम करायच्या यंत्राचं खातं आहे.

तपासणीची खोली जमिनीपासून छतापर्यंत काळ्या स्पंजाच्या सुळक्यांनी मढवलेली होती. तिथून लहर परतत नसे, आणि आवाजही नाही. आत खोकलं तर खोकला ओठांवरच विझायचा. मास्तर तिथेच गेले. मास्तर म्हणजे खात्यातले जुने जाणते. फळी लावताना छातीत कळ आली. हाका मारल्या असणारच; पण दाराबाहेर चहा पीत बसलेल्यांना काही म्हणता काही ऐकू आलं नाही. बिचारा एकटा जीव. कोणी लग्नाला निघो की आजाऱ्याला भेटायला, हे आपले चपला चढवून तयार. "थांबा, मीही येतो." तपासनिसांच्या लेकीचं बाळ बघायला तर येणारच, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

मास्तर गेल्यापासून प्रत्येक फळीत ठिपका दिसू लागला. छातीच्या उंचीवर, मुठीएवढा. मोठ्या साहेबांनी फळ्या कापायला लावल्या. आत लेप लोण्यासारखा सलग. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलं. यंत्रवाले म्हणाले, लेप बिघडला. लेपवाल्यांनी दोघांची अक्कल काढली. सही तेवढी तपासनिसांची लागत असल्यामुळे शिव्याही त्यांच्याच वाट्याला आल्या.

फोन वाजला.

"अहो, निघालात का? पोरगी सारखी दाराकडे बघतेय."

"निघतोच आहे."

"सकाळपासून निघताय."

तणतणत त्यांनी फळी हातभर वर चढवली. तिच्याबरोबर ठिपकाही वर सरकायला हवा होता. तो जागचा हलला नाही. म्हणजे खोट फळीत नव्हतीच. खोलीत होती. त्यांनी आत जाऊन पाहिलं. सुळके, रबरासारखा कोंदट वास आणि स्वतःच्या कानातली शांतता. बाहेर येऊन पाहतात तो ठिपका किंचित फुगत होता, किंचित ओसरत होता... दमलेल्या माणसाच्या छातीसारखा.

अशा वेळी शहाण्याने कुलूप लावून घरी जावं. पण चिडलेला माणूस शहाणा नसतो. त्यांनी नवं शून्य घ्यायचं ठरवलं. शून्य म्हणजे रिकाम्या खोलीचं माप. फळी काढायची, दार लावायचं, बटण दाबायचं. त्या क्षणी खोलीत जे असेल ते यंत्र 'काही नाही' म्हणून धरतं आणि पुढे वजा करत राहतं. नवशिके कधीकधी आत खुर्ची विसरतात. मग यंत्राला ती खुर्ची दिसेनाशी होते. आणि खुर्ची उचलून नेली, की तिच्या जागी पडद्यावर खड्डा दिसतो.

शून्य घेतलं, फळी पुन्हा लावली. पडदा कोरा करकरीत. तपासनिसांनी सही ठोकली, पिशवी उचलली आणि आतला दिवा मालवायला दार सताड उघडलं. दिवा मालवून वळले तेव्हा पडद्यावर खड्डा होता. छातीच्या उंचीवर, मुठीएवढा.

त्यांनी खुर्ची शोधली. खुर्ची सकाळपासून बाहेरच होती.

इस्पितळाचं काचेचं दार माणूस समोर आला की आपोआप सरकायचं. वर बसवलेलं डबडंही मायक्रोवेव्हचंच. पुढ्यात काही हललं की त्याला कळतं. यात भुताटकी काही नाही, हे तपासनिसांइतकं कोणाला ठाऊक असणार? ते आत शिरले. मागे दार मिटलं. आणि पुन्हा उघडलं. एक माणूस आत येईल इतका वेळ ते उघडं राहिलं, मग मिटलं. पायरीवर कोणीही नव्हतं.

वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या दालनालाही तसंच दार होतं. काचेपलीकडे पाळण्यापाशी बायको हात करत होती. लेक उशीवरून मान उंचावून पाहत होती. बाळ टाहो फोडत होतं. दिवसभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते दहा पावलांवर होतं. तपासनिसांनी पाऊल उचललं आणि मागे घेतलं. दारापासून दूर, त्या डबड्याची लहर पोचणार नाही इतके दूर, ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"मास्तर," ते पुटपुटले, "आपण परत जाऊ... चला."

दार सरकलं. थोडा वेळ उघडं राहिलं. मग सावकाश मिटलं.

आतलं रडणं थांबलं. खिशातला फोन वाजला, आणि काचेपलीकडून त्यांच्याकडेच पाहत बायको हसून म्हणाली, "अहो, तिथे काय उभे राहिलात? बघा तरी कसा गप्प झालाय... कोणी थोपटत असल्यासारखा."