नेच्याची काच

"थांबा! फेकू नका!" इरा ओरडतच जिना उतरली. मागोमाग धाकटा निहार, एक बूट पायात, एक हातात!

जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या त्या गल्लीत काच टाकायच्या मोठ्या पेटीपाशी क्लाउस उभा होता. शेजारच्या लेन्झ आजींचा भाचा. आजी इस्पितळात होत्या आणि हा पठ्ठ्या न विचारता त्यांचं तळघर रिकामं करत सुटला होता! हातात लाकडी खोका, त्यात काळपट काचा.

"जुन्या खिडकीच्या आहेत," तो गुरगुरला.

"एवढ्याशा खिडक्या?" निहारनं एक काच उचलून उन्हात धरली. "ताई, रांगोळी!"

इरानं डोळे बारीक केले. छे, रांगोळी कुठली! शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तिनं अशाच पेशी पाहिल्या होत्या. कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'नेच्याचा देठ, १९०७'.

"हे सूक्ष्मदर्शकातून काचेवर काढलेले फोटो आहेत!"

"कचरा आहे," म्हणत क्लाउसनं काच हिसकावली आणि खोका पेटीच्या तोंडाशी नेला.

इरा या देशात नवी आली, तेव्हा तिला इथलं अक्षरही कळत नव्हतं. रोज दुपारी केक खाऊ घालून तिला बोलायला-वाचायला शिकवलं ते याच आजींनी! आता काय करावं? तेवढ्यात तिला पेटीवरची पाटी दिसली.

"एक वाजून चार मिनिटं झालीत! एक ते तीन इथं काच टाकायला बंदी आहे. लोकांची विश्रांतीची वेळ!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" निहारनं री ओढली. समोरच्या खिडकीतून एक बाई डोकावल्याच!

नियम म्हटल्यावर क्लाउसचं तोंड उतरलं. "मग तीनला टाकतो," म्हणत खोका तिथंच ठेवून तो जेवायला गेला.

दोन तास! निहार खोक्याशेजारी ठाण मांडून बसला. इरानं काचेचा फोटो मोबाइलवर घेतला आणि आईला घेऊन ट्रामनं इस्पितळ गाठलं.

फोटो बघताच आजींचे डोळे भरून आले. "अगं, या माझ्या आजीच्या काचा! वस्तऱ्यानं देठांचे पातळ काप करून ती फोटो काढायची. शास्त्रज्ञ म्हणायचे, ही तर चित्रं. चित्रकार म्हणायचे, हे तर शास्त्र. कुणीच ठेवून घेतले नाहीत. घर बदलताना या काचा हरवल्या, असं समजून बसले होते मी!"

मग त्यांनी फोनवर भाच्याची अशी काही हजेरी घेतली, की तीनच्या ठोक्याला क्लाउस खोका छातीशी धरून जिना चढत होता!

आजी बऱ्या होऊन घरी आल्या, त्या थेट इराच्या दारात. "तुमच्या मुलांनी माझी आजी मला परत दिली," त्या आई-बाबांना म्हणाल्या आणि नेच्याची काच त्यांनी इराच्या हातात ठेवली. "डांके, माझ्या राणी!"

"आभार मी मानायला हवेत, आजी," इरा म्हणाली. "ती पाटी वाचायला तुम्हीच तर शिकवलं होतंत."