झाकलेली बाजू

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. तिच्याच तोंडून ऐकलेली. ती भांडकुदळ होती, मनातल्या मनात जळणारी होती, पण थापा मारणारी नव्हती.

साल १९७७. नाशिक, पंचवटी. पितृपक्षातली अविधवा नवमी.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती.

मावशीचं नाव यशोदा. तिचे यजमान, म्हणजे आमचे पुंजारामकाका, पंचवटीत फोटो स्टुडिओ चालवायचे. पण त्यांचा खरा जीव सिनेमातल्या ट्रिक सीनमध्ये. तेव्हा कॉम्प्युटर कुठला आलाय! देव गायब करायचा तर कॅमेरा थांबवायचा, देवाला बाजूला घ्यायचं, कॅमेरा पुन्हा चालू करायचा. बाणातून आग हवी असेल तर सुईने फिल्मच खरवडायची, एकेक चित्र धरून. पौराणिक सिनेमे काढणारे लोक मुंबईहून त्यांना शोधत यायचे.

मावशी त्यांची दुसरी बायको. पहिली भिमाबाई तापाने गेली होती.

गेली म्हणायचं आपलं. काकांच्या तोंडातून कुठे गेली होती?

"भिमी कॅमेऱ्यासमोर बसली की पापणी हलवायची नाही." "भिमीला उजेड बरोबर कळायचा." आमटीत मीठ जास्त झालं तरी भिमी, स्टुडिओचा पडदा धुतला तरी भिमी. मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सवत जिवंत असती तर झिंज्या धरून भांडता तरी आलं असतं. मेलेलीशी काय भांडणार?

नवऱ्याच्या माघारी नाही, तर नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावाने नवमीला एक सवाष्ण जेवू घालतात. त्या दिवशी सकाळी काका निघताना म्हणाले, "यशोदे, शेजारच्या कुसाबाईला जेवायला सांग. भिमीच्या नावाचं पान वाढ. इसरू नको."

मावशीने नुसती मान हलवली.

आणि कुसाबाईला सांगितलंच नाही. मुद्दाम नाही सांगितलं. जिवंतपणी नवरा व्यापून बसली, आता मेल्यावर मी रांधून वाढू होय!

दुपारी काकांचा निरोप आला. जेवण घेऊन स्टुडिओतच ये.

एका सिनेमात जुळ्या बहिणींचा डबल रोल होता. दोघी समोरासमोर पाटावर बसून जेवतात, असा सीन. त्याची आधी चाचणी घ्यायची होती. काकांनी मावशीला सगळं समजावलं. भिंगाची उजवी बाजू काळ्या कागदाने झाकायची आणि डावीकडे बसलेल्या बाईला टिपायचं. मग फिल्म उलटी गुंडाळायची. आता डावी बाजू झाकायची आणि त्याच बाईला उजव्या पाटावर बसवायचं. पडद्यावर एकीच्या दोघी होतात.

"दोन्ही पानं वाढ," काका म्हणाले.

मावशीने वाढली. भात, आमटी, खीर. मग डाव्या पाटावर बसली.

"आता समोर बघ. तिथं कुणीतरी बसलंय असं समज."

समोर रिकामा पाट. मावशीच्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? तिने त्या पाटाकडे असं पाहिलं, की नजरेनेच जाळून टाकावं.

कॅमेरा घरघरू लागला...

आणि बांगड्या वाजल्या.

मावशीचे हात मांडीवर होते.

"अहो..."

"बोलू नको! भिमी असती तर..."

तेवढ्यात वीज गेली. कॅमेऱ्याची घरघर थांबली. बांगड्या मात्र क्षणभर वाजत राहिल्या... मग त्याही थांबल्या.

काकांनी दार उघडलं, उजेड आत आला. मावशीने समोरच्या पानाकडे पाहिलं.

भातावर बोटं उमटली होती. खीर संपली होती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. जे पान तिने घरी वाढलं नव्हतं, ते इथे स्वतःच्या हाताने वाढून बसली होती.

ती तिथून पळालीच. उजव्या बाजूचं चित्रण त्या दिवशी झालंच नाही. म्हणजे फिल्मची ती बाजू काळीकुट्ट यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी फिल्म धुतली आणि प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवली. मावशी त्यांच्या मागेच उभी होती.

डावीकडे मावशी, डोळे वटारून बसलेली. उजवीकडे अंधार.

मग अंधारात काहीतरी हललं...

एक हात. हातभर हिरव्या बांगड्या. पाटावर एक बाई खाली मान घालून जेवत होती. तिने सावकाश तोंड वर केलं. मावशीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे.

पापणी हलत नव्हती.

मावशीला वाटलं, आता हे किंचाळतील.

काका हसले. "आलीस व्हय," म्हणाले. अगदी हळू, लाडाने.

मावशी सांगायची, भीती नंतर वाटली. आधी जळफळाट झाला. इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने तिच्याकडे एकदाही असं पाहिलं नव्हतं.

सिनेमावाल्यांना त्यांनी सांगितलं, फिल्म खराब झाली. ती डब्यात घालून कुलपात ठेवली. पुढे दर नवमीला मावशी कुसाबाईला न चुकता जेवू घालायची, ओटी भरायची. काही उपयोग झाला नाही. त्या दुपारी काका स्टुडिओचं दार आतून लावून घ्यायचे. आत प्रोजेक्टर चालायचा आणि हसण्याचा आवाज यायचा. एकाच माणसाचा...

बहुतेक एकाच.

१९८६ साली काका गेले. तेरावं झाल्यावर मावशीने तो डबा उघडला. भूत दिसेल याची तिला आता भीती नव्हती. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हा माणूस मेल्यावर कुणाच्या बाजूला जाऊन बसला?

ती भिंग घेऊन खिडकीपाशी गेली. फिल्म उजेडात धरली... आणि धीर सुटला.

मग तिने काकांचाच काळा कागद घेतला. त्याची पट्टी कापून फिल्मच्या उजव्या बाजूवर चिकटवली आणि फक्त स्वतःची बाजू पाहिली.

तिच्या बाजूला ती एकटीच होती. तोच पाट, तेच पान.

पण चित्रीकरणाच्या वेळी ती डोळे वटारून बसली होती. आता एकेका चित्रात ती उजवीकडे बघत होती आणि पदर डोळ्यांना लावून रडत होती.

"मग कागद काढून बघितलंस का?" मी तिला विचारलं होतं.

"कशाला काढू?" मावशी म्हणाली. "माझं मलाच दिसलं ना."

मावशीही आता नाही. डबा माझ्याकडे आहे. कागद मीही काढलेला नाही. पण नवमीच्या दुपारी घर शांत असलं, की माळ्यावरून कधीकधी बांगड्यांचा आवाज येतो...

आणि त्याच्या आधी, कुणीतरी रडू दाबल्याचा.